हा कोस्टर कुणाच्या हातचा?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ईरी सरोवरात घुसलेल्या एका चिंचोळ्या भूशिरावर सीडर पॉइंट हे मनोरंजन उद्यान वसलं आहे. १८७० मध्ये सरोवराकाठची सहलीची जागा म्हणून ते सुरू झालं. आज तिथे अठरा रोलर कोस्टर आहेत. नवखा माणूस त्यातला सर्वांत उंच कोणता, सर्वांत वेगवान कोणता ते विचारतो. मुरलेले शौकीन मात्र आधी विचारतात, बांधला कुणी? ओहायोतल्या या एकाच आवारात अमेरिका, स्वित्झर्लंड, इटली आणि नेदरलँड्समधल्या कारखान्यांची कारागिरी शेजारी-शेजारी उभी आहे. ती नुसती बघण्यापुरती वेगळी नाही, अंगालाही वेगळी जाणवते.

सध्या धावणाऱ्या कोस्टरपैकी सर्वांत जुना ‘ब्लू स्ट्रीक’, १९६४ चा. तो फिलाडेल्फिया टोबोगन कंपनीने बांधला. लाकडाचे थर एकावर एक बसवायचे आणि चाकं धावतात तिथे पोलादी पट्टी ठोकायची, ही या कामाची जुनी रीत. गाडी धावू लागली की सगळा सांगाडा किंचित हलतो. नवख्याला त्याची भीती वाटते, पण लाकूड तसं हलायलाच हवं.

पोलादाचं युग आणलं ते कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅरो कंपनीने. १९५९ मध्ये डिस्नीलँडच्या ‘मॅटरहॉर्न’साठी तिने नळीच्या आकाराचे पोलादी रूळ वापरले. लाकडाला न जमणारी वळणं त्यामुळे शक्य झाली. सीडर पॉइंटमध्ये अ‍ॅरोचे तब्बल पाच कोस्टर अजून धावतात. १९७६ च्या ‘कॉर्कस्क्रू’ने प्रवाशांना एका फेरीत तीनदा उलटं केलं, असं करणारा तो पहिलाच. त्याच्या पिळाखालून उद्यानातली माणसं चालत जातात. पुढे १९८९ मध्ये ‘मॅग्नम एक्सएल-२००’ आला. त्याची उंची २०५ फूट. पूर्ण फेरी मारणाऱ्या कोस्टरने २०० फुटांची मर्यादा त्याआधी कधी ओलांडली नव्हती. अ‍ॅरोचा हात जरा कडक. ‘मॅग्नम’च्या परतीच्या वाटेवरचे उंचवटे प्रवाशाला आसनावरून अक्षरशः उचकटतात, आणि तेवढ्यासाठी लोक पुन्हा रांगेत उभे राहतात.

२००१ मध्ये अ‍ॅरोचं दिवाळं निघालं. तिची मालमत्ता यूटामधल्या एस अँड एस या कंपनीने घेतली. हवेच्या दाबावर माणसांना वर उडवणारा सीडर पॉइंटचा ‘पॉवर टॉवर’ १९९८ मध्ये याच कंपनीने उभारला होता. बनवणारा संपला तरी पाचही कोस्टर धावते ठेवणं हे उद्यानाच्या दुरुस्ती विभागाचं काम, आणि प्रवाशांच्या ते कधी ध्यानातही येत नाही.

खरी रंगत आहे मूळच्या दोन स्विस कंपन्यांच्या तुलनेत. वॉल्टर बोलिगर आणि क्लॉद माबियार यांनी १९८८ मध्ये आपली कंपनी काढली. तिला सगळे बी अँड एम म्हणतात. तिचे रूळ लांबून ओळखू येतात : खाली जाडजूड चौकोनी पोकळ तुळई, वर दोन नळ्या. गाडी गेली की ती तुळई घुमते. एका ओळीत चौघे बसतात आणि पलटी इतकी सफाईदार असते की उलटं झाल्याचं क्षणभर कळत नाही. १९९४ च्या ‘रॅप्टर’मध्ये गाडी रुळाखाली टांगलेली आहे, पाय मोकळे लोंबतात.

दुसऱ्या कंपनीचा, इन्टामिनचा, स्वभाव वेगळा. नवं यंत्र आधी वापरून बघायची तिची धमक मोठी. २००० चा ‘मिलेनियम फोर्स’ ३१० फूट उंच आणि ताशी सुमारे १५० किलोमीटर वेगाचा. एवढ्या चढावर नेहमीची साखळी न वापरता पोलादी दोराने गाडी ओढली जाते. तीन वर्षांनी ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’ आला : ४२० फूट उंची आणि चार सेकंदांच्या आत ताशी १२० मैलांचा वेग. या धाडसाची दुसरी बाजूही होती. ही यंत्रणा वारंवार बंद पडायची. २०२१ मध्ये गाडीचा एक धातूचा तुकडा निखळून रांगेतल्या एका महिलेला गंभीर इजा झाली आणि ‘ड्रॅगस्टर’ त्या रूपात कायमचा थांबला. पुढे तोच मनोरा इटलीच्या झाम्पेर्लाने चुंबकीय मोटरी बसवून नव्याने उभा केला. २०२४ मध्ये तो उघडला, काही दिवसांतच गाड्यांच्या अडचणीमुळे बंद झाला आणि २०२५ मध्ये पुन्हा धावू लागला. एवढ्या मोठ्या यंत्रात दुसऱ्याच्या सांगाड्यावर आपलं काम बसवणं फार अवघड असतं.

ते उत्तम साधलं ते आयडाहोच्या रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शनला. १९९१ चा ‘मीन स्ट्रीक’ हा लाकडी कोस्टर त्याच्या हादऱ्यांमुळे नकोसा झाला होता. या कंपनीने लाकडी सांगाड्याचा बराच भाग राखून त्यावर आपले पोलादी रूळ चढवले आणि २०१८ मध्ये ‘स्टील व्हेंजन्स’ उभा राहिला. अडीच मिनिटांच्या फेरीत प्रवासी एकूण सुमारे २७ सेकंद आसनापासून अधांतरी असतो. उद्यानातलं सर्वांत देखणं काम हेच.

सगळीच उद्यानं अशी अनेकांच्या हातची नसतात. जर्मनीतलं युरोपा पार्क १९७५ मध्ये माक कुटुंबाने आपल्या कारखान्याच्या राइड दाखवण्यासाठी काढलं. तरीही २००२ मध्ये उंच ‘सिल्व्हर स्टार’ हवा होता तेव्हा त्यांनी बी अँड एमलाच बोलावलं. खोपोलीजवळच्या इमॅजिकातला ‘नायट्रो’ही बी अँड एमचाच, सीडर पॉइंटच्या ‘रूगारू’सारखा, पायाखाली फरशी नसलेला, आणि त्याच इमॅजिकातला बंदिस्त अंधारात धावणारा ‘डीप स्पेस’ मात्र अमेरिकेच्या प्रीमिअर राइड्सचा. खोपोलीत दोन्हींत लागोपाठ बसलं की हा फरक मराठी प्रवाशालाही कळतो.

सीडर पॉइंटचा सर्वांत नवा कोस्टर २०२५ चा ‘सायरन्स कर्स’, नेदरलँड्सच्या व्हेकोमाचा. गाडी १६० फुटांवरच्या तुटक रुळावर येऊन थांबते, मग रुळाचा तो तुकडाच तिच्यासकट सरळ खाली कलतो आणि पुढच्या उतरणीला जोडला जातो. याच व्हेकोमाने पूर्वी अ‍ॅरोच्या परवान्यावर कॉर्कस्क्रू जातीचे कोस्टर बांधले होते.