बागेतील वठलेली फांदी

जुळे सोलापुरात राहणाऱ्या तुम्हांपैकी पुष्कळांना विजापूर रस्त्यावरील स्मृतिवन आणि धर्मवीर संभाजी तलाव, ज्यास जुनी मंडळी कंबर तलाव म्हणतात, ही स्थळे परिचित असतील. अशा ठिकाणी किंवा आपल्या वस्तीच्या बागेत पक्षी का येतात व का येईनासे होतात, याचा येथे थोडा विचार करू.

पक्षी येतो तो अन्नासाठी व आसऱ्यासाठी. उंबराचेच पाहा. ‘उंबराचे फूल’ दुर्मिळ म्हणतात, कारण त्याची फुले फळाच्या आतच दडलेली असतात. एक चिमुकला कीटक आत शिरून परागीकरण करितो. हे झाड वर्षातून अनेकदा फळते. त्यामुळे इतर झाडे रिकामी असताही तांबट, बुलबुल, कोकीळ यांची भूक तेथे भागते. ते पक्षी बिया दूर नेऊन टाकतात व झाडाचे ऋण फेडतात.

चिमणी दाणे टिपते खरी, परंतु पिलांच्या चोचीत ती मुख्यत्वे अळ्या व किडेच घालते. म्हणून कुरतडलेले पान हा बागेचा दोष नव्हे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तो शोभिवंत आहे, पण कडुनिंब, वड, बाभूळ यांची उणीव तो भरून काढीत नाही.

आमचीही एक चूक येथे सांगितली पाहिजे. बाग नीटनेटकी दिसावी म्हणून आम्ही एकदा शेवग्याची वठलेली फांदी तोडविली. ती खाली पडली तेव्हा तिच्या ढोलीत तांबटाची दोन पिले आढळली. ती वाचली नाहीत. तांबटाची चोच सुताराएवढी बळकट नसते. तो मऊ, वठलेले लाकूडच कोरून अंडी घालतो. आम्हांस जे निरुपयोगी वाटले, तेच त्याचे घर होते.

१९३२ साली सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात नोकरी करीत पशुपक्ष्यांचे निरीक्षण केले व मराठीत ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. त्यांच्या गावच्या मुलांनी निदान दहा पक्षी नावानिशी ओळखावेत, ही अपेक्षा फार नव्हे. आणि पालकांस विनंती ही की, कोणास इजा होण्याचे भय नसेल, तर वाळक्या फांदीवर कुऱ्हाड घालण्यापूर्वी एकवार वर पाहावे.