मनगट मोडलं, पुढे काय?

ग्लासगो, नोव्हेंबर

दुपारी चारलाच इथे दिवे लागतात. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत सूर्य इतका कलतो की उन्हात उभं राहूनही अंगात पुरेसं ड जीवनसत्त्व तयार होत नाही. म्हणून इथलं सरकारच सांगतं, थंडीत प्रत्येकाने रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांनी तर बाराही महिने.

या सल्ल्याआधी बरंच काही सोसलेलं आहे. साठ-सत्तरच्या दशकांत ग्लासगोतल्या भारतीय-पाकिस्तानी घरांतल्या मुलांना मुडदूस होऊ लागला. 1979पासून त्यांना ड जीवनसत्त्व मोफत देण्याची मोहीम निघाली आणि आजार ओसरला. हाडांना कॅल्शियमही लागतं. ते पिठात मिसळायची सक्ती इथे दुसऱ्या महायुद्धापासून आहे. पण अख्ख्या गव्हाच्या पिठाला सूट असल्याने त्याच्या पोळीतून हे मिसळलेलं कॅल्शियम मिळत नाही.

नवी मुंबईकरांना मात्र मला याहून महत्त्वाचं सांगायचंय. 1999मध्ये ग्लासगोतच एक साधी व्यवस्था सुरू झाली, पुढे ती अनेक देशांनी उचलली. पन्नाशीपुढच्या कोणाचं चालताना पडून मनगट मोडलं, तर प्लास्टर घातल्यावर काम संपत नाही. हाडांचं काम पाहणारी खास नर्स रुग्णाला गाठते, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करवते, गरज असल्यास औषध सुचवते. कारण असं एक हाड मोडलं की पुढचं मोडण्याची भीती वाढते, आणि ते खुब्याचं असलं तर माणूस अंथरुणाला खिळू शकतो.

आपल्याकडे 'बाथरूममध्ये पाय घसरला' एवढ्यावर विषय मिटतो. हाड इतक्या सहज का मोडलं, हे क्वचितच कोणी विचारतं. याची मला मनापासून काळजी वाटते. पाम बीच रोडवर पहाटे चालणाऱ्यांनी जरूर चालावं, हाडांना अंगाचा भार लागतोच. पण ड जीवनसत्त्वासाठी कोवळं ऊन पुरत नाही, ते दुपारच्या आसपासचं लागतं, आणि तेव्हा सगळे एसीत. कॅल्शियमसाठी नाचणी-तीळ आपल्या घरात आहेतच. ते मुलींच्या ताटात आधी पडोत, कारण हाडांची बहुतेक पुंजी तिशीपर्यंतच जमते.

आणि घरात कुणाचं मनगट असं मोडलं असेल, तर प्लास्टर निघालं तरी डॉक्टरांना डेक्साबद्दल विचारा. तपासणीला काही मिनिटंच लागतात आणि ती दुखत नाही. अहवालात टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा, उणे 2.5 किंवा त्याखाली आला, तर त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, म्हणतात. त्यावर औषधं आहेत.