आच वाढवून जे पक्के होत नाही

उज्जैनजवळ छोट्या कालीसिंधच्या काठी कायथा आहे. विष्णू श्रीधर वाकणकरांनी उजेडात आणलेल्या या गावच्या टेकाडात चार हजार वर्षांपूर्वीची खापरे सापडली. ती टिकली, कारण साधारण ५०० अंशांच्या पुढे मातीच्या खनिजांत बांधलेले पाणी कायमचे निघून जाते आणि माती पुन्हा चिखल होत नाही. आव्याची आच कमी पडली की भांडे कच्चे, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की घरच्या ओटीजीत पॉलिमर क्लेचे कानातले भाजतानाही हात तापमान वाढवायला जातो. घात होतो तो इथेच. या क्लेमध्ये मुख्यतः पीव्हीसीची भुकटी आणि तिला मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर असतो. भिजलेल्या साबुदाण्याचे दाणे वाफेवर एकमेकांना धरतात, तसे हे कण उष्णतेने फुगून एकजीव होतात. फिमो या ब्रँडच्या क्लेला त्यासाठी ११० अंश आणि अर्धा तास पुरतो. काही ब्रँडना १३० अंशांच्या आसपास लागतात.

पीव्हीसी असे मऊ करण्याची किल्ली वाल्डो सेमन या अमेरिकी रसायनज्ञाच्या हाती लागली, आणि त्याचे नाव आज फार थोड्यांना ठाऊक असावे याची खंत वाटते. १९२६ मध्ये तो रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होता. त्यासाठी पीव्हीसीमधला हायड्रोजन क्लोराइड काढून टाकायचा, म्हणून त्याने ते उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात तापवले. हाती आले ते लवचीक, रबरासारखे पीव्हीसी! त्याला जी अभिक्रिया हवी होती, नेमकी तीच आपल्याला ओव्हनमध्ये टाळायची आहे. तापमान फार चढले की हा दाहक वायू सुटू लागतो, सुटलेला वायू पुढचे विघटन आणखी वेगाने घडवतो आणि वस्तू पिवळी, तपकिरी, शेवटी काळी पडते.

पाकिटावर ‘बिनविषारी’ लिहिलेले असते, मग भीती कसली, असे कुणी विचारील. ती ग्वाही सांगितलेल्या तापमानापुरतीच आहे. मग तापमान कमीच ठेवावे का? तेही नको, कण नीट जुळले नाहीत तर वस्तू ठिसूळ राहते. योग्य तापमानावर थोडा वेळ जास्त गेला तर मात्र सहसा बिघडत नाही. म्हणून ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नये, आत वेगळा ओव्हन थर्मामीटर ठेवावा. तापलेल्या सळ्यांजवळचा भाग आधी करपतो. वस्तू सिरॅमिक टाइलवर, मधल्या खणात ठेवून वर अॅल्युमिनियम फॉइल सैल झाकावी. झोंबणारा वास आलाच तर ओव्हन बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाहेर न्यावे आणि वास जाईपर्यंत ओव्हनचे दार उघडू नये.