काळ्यावर पांढरे

पांढऱ्या रंगाचे दोन-चार हात मारले की काळे प्लास्टिक पांढरे होईल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पहिल्या हाताला मळकट करडा रंग येतो आणि दुसऱ्याला निळसर राखी. तिसरा हात घाईने जाड मारला तर सपाट भागावर रंग ओघळतो आणि कडा काळ्याच राहतात. प्लास्टिकच्या छोट्या मोटारी जोडून रंगवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. दोष सहसा रंगाच्या डब्याला दिला जातो. खरे कारण मात्र रंगाखाली काय आहे, यात असते.

गडद प्लास्टिक आले कुठून?

जोडायच्या प्लास्टिक प्रतिकृती पहिल्यांदा ब्रिटनमध्ये १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने बाजारात आल्या. ती विमाने होती आणि त्यांचे प्लास्टिक सेल्युलोज ॲसिटेटचे होते. मोटारींचे खरे घर अमेरिकेत झाले. १९४८ साली मिशिगन राज्यात सुरू झालेली एएमटी ही कंपनी आधी मोटार विक्रेत्यांसाठी जाहिरातीच्या छोट्या गाड्या बनवी. १९५८ पासून तिने एकाच खोक्यातून तीन तऱ्हांची गाडी जोडता येईल असे संच विकायला काढले. जपानमध्ये शिझुओका शहरातील तामिया या लाकडाच्या व्यापारातून वर आलेल्या कंपनीने १९६७ साली होंडाच्या फॉर्म्युला वन गाडीचा १:१२ प्रमाणातला संच काढला.

ॲसिटेट काही वर्षांनी वाकडे होई, म्हणून त्याची जागा पॉलिस्टायरीनने घेतली. ते मुळात पारदर्शक असते. साच्यात ओतण्यापूर्वी त्यात रंगद्रव्य मिसळतात. रंगकामाशिवायही गाडी बरी दिसावी, यासाठी चासी, सस्पेन्शन, आसने असे भाग बहुधा काळ्या प्लास्टिकचे करतात. काही संचांत बॉडीही लाल, गडद निळी किंवा काळी येते. मुलांची सोय झाली, पण त्याच गाडीला पांढरा, क्रीम किंवा पिवळा रंग द्यायचा असणाऱ्याचे काम वाढले.

पांढरा रंग झाकतो कसा?

आजचा जवळजवळ प्रत्येक पांढरा रंग टायटॅनियम डायऑक्साइडवर चालतो. पांढरा रंग खालचा पृष्ठभाग झाकतो तो प्रकाश विखरून. रंगातल्या रेझिनचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो, तर रुटाइल जातीच्या टायटॅनियम डायऑक्साइडचा सुमारे २.७. हा फरक जितका मोठा, तितका प्रकाश जास्त विखुरतो. जुन्या शिशाच्या आणि जस्ताच्या पांढऱ्याचा अपवर्तनांक २ च्या आसपास होता, म्हणून ते दुबळे पडत. कणाचा आकारही नेमका लागतो, साधारण ०.२ ते ०.३ मायक्रॉन.

या शुभ्र पुडीचा कच्चा माल इल्मेनाइट हे काळे खनिज आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत ते आहे. केरळात चवरा इथे अशाच वाळूतून राज्य सरकारच्या मालकीचा केरळ मिनरल्स अँड मेटल्स हा कारखाना टायटॅनियम डायऑक्साइड काढतो.

इतके समर्थ रंगद्रव्य असूनही पातळ थरातून थोडा प्रकाश खाली जातोच. खाली पांढरे असेल तर तो परत येतो. खाली काळे प्लास्टिक असेल तर त्यातली काजळी तो गिळते. निळा प्रकाश अधिक विखुरतो, म्हणून काळ्यावरचा पातळ पांढरा थर निळसर दिसतो. फिका रंग उजळ दिसण्याचे निम्मे श्रेय खालच्या थराचे असते, ते यामुळेच.

मायक्रॉनचा हिशेब

मग पांढराच जाड का मारू नये? खऱ्या मोटारीवरचे सगळे थर मिळून सुमारे ०.१ ते ०.१५ मिलिमीटर भरतात. १:२४ प्रमाणात ते ०.००६ मिलिमीटरच्या पलीकडे जायला नकोत. इतके पातळ कोणीच रंगवू शकत नाही. पण छोट्या गाडीवर ०.१ मिलिमीटर रंग चढला, तर खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटर जाडीचा लेप दिल्यासारखे होते. दाराच्या फटी बुजतात, बॉनेटवरची अक्षरे विरतात. शिवाय ओला रंग पृष्ठताणामुळे धारदार कडांवरून मागे सरकतो. जाड हात मारूनही कडा काळ्या राहतात त्या म्हणून.

अस्तर

जाणकारांची रीत ठरलेली आहे. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलकट द्रव्याचा अंश राहिला असेल, तर तो साबणाच्या पाण्याने धुऊन काढायचा. बारीक पॉलिश पेपर फिरवायचा. मग करड्या प्रायमरचा पातळ हात, कारण ओरखडे आणि खड्डे करड्यावरच नीट दिसतात. दोष पुट्टीने भरून घासले की पांढऱ्या प्रायमरचे अस्तर. आधी कडा आणि फटी, नंतर सपाट भाग, आणि प्रत्येक हात धुक्यासारखा हलका. चमकदार पांढऱ्यापेक्षा मॅट पांढरा लवकर झाकतो, कारण त्यात रेझिनच्या मानाने भुकटीचे प्रमाण जास्त असते. म्हणून झाकायचे काम मॅट थरांकडून करून घ्यावे आणि चमक शेवटच्या हातावर सोपवावी.

लाल प्लास्टिकची तऱ्हा वेगळी. त्यातला लाल रंग विद्राव्य असेल, तर लॅकरमधले थिनर तो विरघळवून वर खेचते आणि पांढऱ्यावर गुलाबी झाक उमटते. आणखी पांढरा मारून ती जात नाही. त्यासाठी मध्ये चंदेरी रंगाचा थर देतात. त्यातल्या ॲल्युमिनियमच्या चकत्या कौलांसारख्या एकावर एक बसतात आणि खालचा रंग अडवतात.

काळी-पिवळीचे छत

पिवळा तर पांढऱ्याहून कठीण. पूर्वी शिसे असलेला क्रोम पिवळा वापरात होता आणि तो चांगला झाकत असे. शिसे विषारी आहे. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. हा नियम योग्यच आहे. पण शिशाऐवजी येणारी तेजस्वी सेंद्रिय पिवळी रंगद्रव्ये बरीच पारदर्शक असतात. काळ्यावर थेट मारली की हिरवट दिसतात.

मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची प्रतिकृती करू पाहणाऱ्यापुढे हाच प्रश्न उभा राहतो, कारण खाली काळे आणि वर पिवळे छत. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. काळ्या प्लास्टिकवर ते छत उतरवायचे असेल, तर आधी छताला पांढरे अस्तर द्यावे आणि त्यावर पिवळ्याचे पातळ हात. अंगाचा काळा सगळ्यात शेवटी मारावा. काळा पिवळ्याला एका हातात झाकतो, पिवळा काळ्याला झाकत नाही. रंगकामाचा क्रम फिक्याकडून गडदाकडे ठेवावा, तो यासाठी.

आपल्याकडे पावसाळ्यात एक जादा पथ्य पाळावे लागते. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतले पाणी त्यावर धरते आणि चमक धुरकट होते. पाऊस ओसरल्यावरचे कोरडे दिवस लॅकरसाठी उत्तम. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि वाफा अडवणारा मास्क लावावा.

दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या मुलांसोबत असा एखादा संच उघडणार असाल, तर रंगाच्या डब्याआधी अस्तराचा डबा विकत घ्या आणि ते पूर्ण वाळू द्या. कोणाला दिसणार नाही अशा त्या थरावर घालवलेला दिवस वाया जात नाही.