एडीएचडी आणि खाण्याची अनावर ओढ: घरच्यांनी काय समजून घ्यावं, काय करावं

बिस्किटांचा पुडा फोडला की तो संपेपर्यंत हात थांबत नाही. पाहुण्यांसाठी आणलेली मिठाई रात्रीतून निम्मी होते. दुपारचं जेवण डोक्यातून साफ निघून जातं आणि रात्री अकराला फ्रिजसमोर उभ्याउभ्या खाणं सुरू होतं. घरात असं कुणी असलं की ‘हावरट’, ‘बेसब्र’, ‘याची नियतच भरत नाही’ हे शब्द सहज तोंडातून निघतात.

अशा खाण्यामागे दरवेळी आजारच असतो असं नाही. पण त्याच व्यक्तीचं लक्ष टिकत नसेल, किल्ल्या-वह्या सतत हरवत असतील, दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडायची सवय लहानपणापासून असेल, तर एडीएचडीची शक्यता तपासून घ्यायला हवी.

एडीएचडी म्हणजे नेमकं काय?

हा मेंदूच्या वाढीशी संबंधित विकार आहे. लाडाने किंवा वाईट संगतीने तो होत नाही. त्याची लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधी दिसू लागतात आणि ती घर, शाळा, कामाची जागा अशा एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसतात. अनेकांमध्ये ती मोठेपणीही राहतात. मुलींमध्ये धावपळ, दंगा कमी आणि हरवलेपणा जास्त असू शकतो. त्यामुळे कितीतरी जणींचं निदान लग्न आणि मुलंबाळं झाल्यावर होतं. तोवर ‘विसरभोळी’, ‘आळशी’ हीच ओळख चिकटलेली असते.

खाण्याशी त्याचा संबंध काय?

पहिलं कारण म्हणजे मेंदूचा ब्रेक. मनात आलं आणि हातून झालं, या दोन्हींच्या मध्ये क्षणभर थांबवण्याचं काम मेंदूचा पुढचा भाग करतो. एडीएचडीमध्ये हे थांबवणं कमजोर पडतं. समोर समोसा दिसला की ‘भूक आहे का?’ हा प्रश्न उठायच्या आत तो तोंडात गेलेला असतो.

दुसरं कारण डोपामिन. आनंद आणि उत्साह यांच्याशी जोडलेलं हे रसायन एडीएचडीमध्ये वेगळ्या पद्धतीने काम करतं. कंटाळा सोसवत नाही, मेंदू पटकन मिळणारं सुख शोधतो. गोड, तळलेलं आणि चमचमीत खाणं हे त्यातलं सगळ्यात हाताशी असलेलं सुख.

तिसरं, भुकेची जाणीवच उशिरा होते. मोबाइलमध्ये किंवा आवडत्या कामात माणूस गुंतला की चार-पाच तास पोटाची हाक ऐकू येत नाही. मग भूक एकदम येते आणि भरभर खाल्लं जातं. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. तोवर ताट दोनदा रिकामं झालेलं असतं.

2016 मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री या नियतकालिकात 42 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. एडीएचडी असलेल्या प्रौढांमध्ये लठ्ठपणाचं प्रमाण 28.2 टक्के आढळलं, इतरांमध्ये ते 16.4 टक्के होतं. औषधोपचार घेणाऱ्यांमध्ये मात्र हा वाढीव धोका दिसला नाही. ज्या घरात अम्मी-अब्बूंना आधीच शुगर आहे, त्यांनी हे आकडे गांभीर्याने घ्यावेत.

रागावून काय होतं?

मूल लपून खायला लागतं. उशीखाली रॅपर सापडतात. खाल्ल्यावर शरम वाटते, शरमेने मन खट्टू होतं आणि खट्टू मन पुन्हा खाण्याकडे वळतं. ‘नफ्सवर काबू ठेव’ हा सल्ला वाईट नाही. पण ज्याचा ब्रेकच सैल आहे, त्याला नुसता सल्ला पुरत नाही. आतला ब्रेक कमी पडतो तिथे बाहेरची व्यवस्था उभी करावी लागते, आणि ती घरच्यांच्या हातात असते.

घरात काय बदलायचं?

• जे दिसतं ते खाल्लं जातं. फरसाण, बिस्किटं, मिठाई स्टीलच्या डब्यात, वरच्या फळीवर ठेवा. फळं, उकडलेली अंडी, भाजलेले चणे डोळ्यांसमोर ठेवा.

• मोठा ‘फॅमिली पॅक’ आणू नका. लहान पुडा संपला की आपोआप थांबा येतो.

• पुड्यातून खायचं नाही, वाटीत काढून बसून खायचं. दस्तरखानवर एकाच मोठ्या थाळीतून सगळे जेवत असाल, तर अशा व्यक्तीला आपलं ताट आधी वाढून घेऊ द्या. किती खाल्लं हे नजरेला कळतं.

• जेवणाच्या वेळा लक्षात ठेवण्याची गरजच ठेवू नका. जोहरच्या नमाजनंतर जेवण, असरनंतर थोडा नाश्ता, अशी सांगड घाला. वेळापत्रक घरात आधीच आहे, त्याला जेवण जोडायचं एवढंच.

• सकाळच्या नाश्त्यात अंडं, डाळ, दही असं काहीतरी असू द्या. नुसत्या चहा-खारीवर दुपार निघत नाही.

• फूड डिलिव्हरी अ‍ॅपमधून सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका. नंबर टाकेपर्यंतची दोन मिनिटं बऱ्याचदा पुरेशी होतात.

• ओढ आलीच तर ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘दहा मिनिटांनी’ म्हणा. पाणी प्या, गच्चीवर चक्कर मारा. दहा मिनिटांनीही हवंच असेल, तर वाटीभर घ्या, पण अपराधी वाटून घेऊ नका.

नान-खलिया बंद करायची गरज नाही. आपल्या शहरात ते शक्यही नाही! पूर्ण बंदीने ओढ वाढते. कधी खायचं, किती खायचं हे भूक लागण्याआधी ठरवा.

रमजानमध्ये विशेष काळजी

रोजाचा शेवटचा तास आणि इफ्तारची पहिली दहा मिनिटं, अशा व्यक्तीसाठी हीच सगळ्यात कठीण वेळ. आपल्या परंपरेत यावर सुंदर तोडगा आहे: खजूर आणि पाण्याने रोजा सोडायचा, मगरिबची नमाज पढायची आणि मग जेवायला बसायचं. भजी-समोशांची परात नमाजनंतरच बाहेर काढली, तर मेंदूला हवा असलेला थांबा आपोआप मिळतो. सहेरी चुकवू नका. रात्री शहागंज, सिटी चौक, बुढीलेनच्या बाजारात जायचं असेल, तर घरून थोडं जेवून निघा, काय खायचं ते आधी ठरवा आणि तेवढेच पैसे सोबत न्या.

एडीएचडीची गोळी सुरू असेल, तर रमजानच्या काही आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. वेळ किंवा औषधाचा प्रकार बदलता येईल का, रोजा झेपेल का, हे तेच सांगतील. आपल्या मनाने गोळी बंद करू नका. आजारी माणसाला शरीयतने सवलत दिली आहे. त्याबद्दल डॉक्टर आणि आलिम दोघांशी बोला.

औषध आणि भूक

मिथाइलफेनिडेटसारख्या औषधाने दुपारी भूक मरते आणि संध्याकाळी त्याचा असर उतरला की ती उसळून येते. म्हणून गोळीआधी पोटभर नाश्ता आणि संध्याकाळचं खाणं तयार ठेवणं महत्त्वाचं. ही औषधं तज्ज्ञांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत आणि दुसऱ्याची गोळी तर मुळीच नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

थोड्या वेळात खूप जास्त खाल्लं जातं, थांबता येत नाही, नंतर घृणा वाटते, आणि असं आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने होत असेल, तर तो ‘बिंज ईटिंग’ हा वेगळा आजार असू शकतो. खाऊन मुद्दाम उलटी करणं, दिवसेंदिवस उपाशी राहणं, जगणं नकोसं वाटणं, यात एक दिवसही वाट पाहू नये.

शहरात घाटी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात तपासणी होते. घरबसल्या बोलायचं असेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. ती ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. इंटरनेटवरची प्रश्नावली भरून निदान ठरवू नका. थायरॉइड, नैराश्य, अपुरी झोप यांचीही लक्षणं अशीच दिसतात.

डॉक्टरांकडे जाताना एका आठवड्याची नोंद न्या: किती वाजता खाल्लं, काय खाल्लं, त्याआधी मन कसं होतं. शाळेचे जुने निकाल आणि शिक्षकांचे शेरेही सोबत ठेवा. लहानपणीची लक्षणं शोधायला त्यांची मदत होते. आणि ही नोंद मुलाकडून लिहून घेणार असाल, तर त्याला आधी सांगा की वहीत काहीही निघालं तरी घरात कुणी रागावणार नाही. नाहीतर ती वहीही खोटी भरली जाईल.