आखूड श्वासाची नवी तान

देवासच्या एका घरात पंचविशीही न गाठलेला एक गवई अंथरुणावर पडून आहे. पोरवयातच मैफली गाजवलेला हा गळा, आणि डॉक्टर सांगतायत की गायचं नाही. कुमार गंधर्व १९४८ साली माळव्यात आले ते क्षय घेऊन, कोरड्या हवेच्या आशेनं. गाता येत नव्हतं, पण ऐकायला कुणाची बंदी होती? आसपासच्या बायकांची माळवी गाणी कानावर पडत राहिली.

मग औषध मिळालं. कुठून आलं ते? चक्क मातीतून! स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत सापडलं, तेही मातीत राहणाऱ्या एका जिवाणूपासून. आजार हटला, पण एक फुफ्फुस जवळजवळ निकामी करून गेला. जुना दमसास काही परतला नाही. परतला तो वेगळाच गवई! आखूड श्वासात मावतील असे छोटे, धारदार स्वरसमूह. आणि त्या माळवी धुनांतून उगवलेले धुनउगम राग.

क्षय शरीराचा, हे खरंच. पण मनावरचे उपचार संपल्यावर काय होतं ते वाचताना मला हटकून देवास आठवतं.

आपल्याला वाटतं, थेरपी झाली की भीती पुसली गेली, पाटीवरची अक्षरं ओल्या फडक्यानं पुसावीत तशी. पण मेंदूकडे ते फडकंच नाही! पावलॉव्ह या शास्त्रज्ञाच्या कुत्र्याला ठरावीक खुणेनंतर अन्न मिळायचं, म्हणून नुसत्या खुणेनंही लाळ सुटायची. अन्न बंद केलं, खूण चालू ठेवली. हळूहळू लाळ आटली. विसरलं कुत्रं? छे! थोडा वेळ जाऊ दिला, पुन्हा खूण केली, आणि पुन्हा लाळ.

म्हणजे जुना धडा शाबूत होता. त्याच्या शेजारी दुसरा लिहिला गेला होता, एवढंच. भीतीचंही तसंच. तिची घंटा बडवणारा, बदामाएवढा एक भाग मेंदूत खोल दडलेला असतो. कपाळामागचा भाग त्याला ‘थांब’ म्हणायला शिकतो.

खरी गंमत पुढे आहे. भीती जाईल तिथे सोबत येते, पण हा ‘थांब’ मात्र जिथे शिकला त्या जागेला चिकटून बसतो! समजा, कुणी इंदूरच्या दवाखान्यात कुत्र्याची भीती घालवली. सहा महिन्यांनी धारच्या एका बोळात वळल्यावर समोर तांबडं कुत्रं उभं. तळहात ओले, पाय जागच्या जागी. उपचार वाया गेले का? मुळीच नाही. नव्या धड्यानं हा बोळ अजून पाहिलेलाच नाही!

म्हणून तर जाणते थेरपिस्ट शेवटी भेटींमधलं अंतर वाढवत नेतात, धोक्याच्या खुणा लिहून काढायला लावतात आणि तोच सराव घरी, रस्त्यावर, बाजारात करायला सांगतात. जागा बदलली की ‘थांब’ थोडा आणखी पक्का होतो. रियाजच की हा! आज तो माणूस बोळाच्या तोंडाशी दहा श्वास उभा राहील, उद्या कुत्र्यापासून चार पावलांवर.

बरे झाल्यावर कुमारजी देवास सोडून जाऊ शकले असते. १२ जानेवारी १९९२ रोजी अखेरचा श्वास घेईपर्यंत ते तिथेच राहिले.