मैदानावरचा सूड आणि बाहेरचा आवाज

पावसाचा जोर ओसरू लागला, की चंदगड तालुक्यातील शाळांची मैदाने पुन्हा जागी होतात. सह्याद्रीच्या माथ्यावरील या मुलखात शालेय स्पर्धा म्हणजे केवळ सामने नव्हेत. गावाच्या अभिमानाचा तो प्रश्न असतो. अशाच कबड्डीच्या सामन्यात चढाईला आलेल्या एखाद्या मुलास क्षेत्ररक्षक गरज नसता आपटतो. पंचांच्या ते ध्यानात येत नाही. मुलगा कोपर चोळीत उठतो आणि मैदानाबाहेरून आवाज येतो : ‘सोडू नकोस त्याला!’ हा आवाज बहुधा मुलाचा नसतो. जाणत्या माणसाचा असतो.

या आवाजाचा विचार व्हावयास हवा. खेळताना धक्का लागणे, राग येणे हे स्वाभाविक आहे. चौदा वर्षांच्या मुलाचा राग पुढच्या डावात विरूनही जातो. परंतु ठरवून घेतलेला सूड ही शिकवलेली गोष्ट आहे. ती शिकविणारा कोणीतरी मोठा असतो.

अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये या सुडाला एका अलिखित नियमाची प्रतिष्ठा मिळाली. आपल्या फलंदाजाच्या अंगावर चेंडू आला, तर आपल्या गोलंदाजानेही त्यांच्या फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकावा, असा तो संकेत. वास्तविक लिखित नियमाने ज्याला चेंडू लागला त्यास पहिला तळ आपोआप मिळतो. म्हणजे भरपाईची सोय खेळातच आहे. १९२० मध्ये रे चॅपमन हा खेळाडू डोक्यावर चेंडू बसून मरण पावला. तो चेंडू हेतुपुरस्सर टाकला होता, असे सिद्ध झालेले नाही. पण ज्या वस्तूने अपघाताने जीव जाऊ शकतो, ती सुडाचे साधन करणे किती भयंकर, हे त्यावरून कळावे. महाराष्ट्रातील शालेय स्पर्धांतही बेसबॉल खेळला जातो. खेळ घ्यावा, त्याचा हा संकेत घेऊ नये.

आपल्या कबड्डीने तर बदल्याची इच्छा फार शहाणपणाने हाताळली आहे. येथे बाद झालेला गडी कायमचा जात नाही. त्याच्या संघाने प्रतिपक्षाचा गडी टिपला, की तो परत येतो. ज्याने पकडले त्याला पुढच्या चढाईत शिवून बाद करावे, संपूर्ण संघ बाद करून लोण चढवावा, याहून गोड बदला कोणता? नियमांच्या चौकटीत बदल्याला मुभा आहे. चढाई करणाऱ्याचे तोंड दाबून दम तोडणे किंवा इजा होईल अशी पकड करणे, यांना मात्र ती नाही. त्यासाठी हिरवे, पिवळे आणि लाल कार्ड पंचांच्या खिशात असते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. पंचांनी काणाडोळा केला तर मुलांनी मुकाट्याने मार खावा काय? खचित नाही. कर्णधाराने पंचांकडे दाद मागावी, शिक्षकाने आयोजकांकडे तक्रार करावी, प्रसंगी संघ मैदानाबाहेर घ्यावा. अन्याय सहन करणे आणि सूड न घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

याचा कस १९३३ च्या जानेवारीत ॲडलेडच्या मैदानावर लागला. इंग्लंडचे गोलंदाज फलंदाजांच्या शरीराच्या रोखाने मारा करीत होते. लारवुडचा चेंडू ऑस्ट्रेलियाचे कर्णधार बिल वुडफुल यांच्या छातीवर बसला. आपणही तसाच मारा करावा, असा आग्रह त्यांना झाला; त्यांनी तो मानला नाही, मात्र इंग्लंडच्या व्यवस्थापकांना आपला संताप स्पष्ट शब्दांत ऐकविला. मालिका त्यांनी ४–१ अशी गमावली. पुढे अशा माऱ्यास नियमानेच पायबंद बसला आणि १९३४ मध्ये वुडफुल यांच्याच संघाने इंग्लंडमध्ये जाऊन मालिका जिंकली. हे वुडफुल पेशाने गणिताचे शिक्षक होते, ही गोष्ट आपल्या शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कारण अखेरीस प्रश्न शिक्षकाचाच आहे. आपल्या संघातील मुलाने ठरवून कोणाला दुखावले, तर पंचांच्या कार्डाची वाट न पाहता त्याला स्वतः बाहेर बसविणारा शिक्षक किती शाळांत सापडेल? त्याने कदाचित सामना जाईल, गावकरी नाराज होतील, मुख्याध्यापकही दोन शब्द ऐकवतील. ही किंमत लहान नाही. परंतु त्या एका कृतीने साऱ्या संघाला जे कळेल, ते वर्षभराच्या सुविचारांनी कळणार नाही. उलट, ‘सोडू नकोस त्याला’ हा आवाज ज्याला आज ऐकू आला, तो मुलगा उद्या बांधाच्या भांडणात आणि निवडणुकीच्या वैरातही तोच आवाज ऐकेल. ढाल शाळेच्या कपाटात धूळ खात पडते. मैदानावर लागलेली सवय मात्र माणसाबरोबर घरी जाते.